आधी घरात घ्या, मग शिकवा

दिनकर,

परवा पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. युरोपच्या दारात ताटकळत असलेल्या देशांना लवकर आत घ्यायचं की नाही, यावर तिकडे पुन्हा खल चाललाय. वाचता वाचता माझा हात आपसूक फोनकडे गेला. तुझं नाव काढलं, अंगठा त्यावर टेकवणार तेवढ्यात आठवलं. तुला जाऊन सतरा दिवस झाले होते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानात गेलो की घरी यावंसं वाटतं, घरी आलो की चप्पल घालून बाहेर पडावंसं वाटतं. इरफान म्हणतो, "अब्बा, तुम्ही गादीवर बसता आणि गादी गरम व्हायच्या आत उठता." त्याला काय सांगू? भांडण अर्ध्यावर टाकून समोरचा माणूस उठून गेला की मागे राहिलेल्यानं काय करायचं, हे चाळीस वर्षं मास्तरकी करूनही मला माहीत नाही. म्हणून लिहायला बसलोय. यात तुला मध्ये बोलता येणार नाही, हा अन्याय आहे आणि मला तो मान्य आहे. तू असतास तर एव्हाना म्हणाला असतास, "सर, मुद्द्यावर या."

आपला मुद्दा बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो हसेल. आटपाडीचा एक निवृत्त सुभेदार आणि सांगलीतला एक निवृत्त भूगोलाचा मास्तर, दोघं माझ्या मुलाच्या, इरफानच्या, गाद्यांच्या दुकानात बसून काय भांडायचे? तर देशादेशांचे जे संघ असतात, त्यांनी नव्या देशांना झटपट आत घ्यावं की तावूनसुलाखून. तू म्हणायचास झटपट. मी म्हणायचो, थांबा. आणि आपण दोघंही हे असं बोलायचो, की जणू उद्या सकाळी त्या बैठकीत आपल्या दोघांचंच मत विचारणार आहेत.

पण हे वेड आपल्याला कुठून लागलं ते मला नीट आठवतं. ते तू काँगोतून आणलंस.

त्याआधी आपण नुसतेच मित्र होतो. आटपाडीत एका बोळात दोन घरं. माझे अब्बा धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजायला जायचे, तुझे वडील हवालदारकी संपवून कोरडवाहू रान करायचे. तू फौजेत गेलास, मी डी.एड. करून सांगलीला आलो. वर्षातून एकदा तू सुट्टीवर यायचास, तेव्हा भेट. मग तुझी तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला गेली, गोमा नावाच्या शहरात. परत आलास तो वेगळाच माणूस. नकाशावर मी तीस वर्षं काठी ठेवून पोरांना आफ्रिका दाखवत होतो. तू माझ्याकडून काठी घेतलीस आणि म्हणालास, "यासीन, हितं एक फाटक हाय."

गोमा काँगोत. त्याला चिकटूनच पलीकडचं शहर, ते रवांडात. मध्ये एक फाटक. रोज सकाळी हजारो बायका डोक्यावर टोमॅटो, घेवडा, कोंबड्या घेऊन त्या फाटकातून जातात आणि संध्याकाळी परत येतात. तू सांगायचास, "एका देशात चूल आन् दुसऱ्या देशात बाजार. आपल्या विट्याच्या बाजाराला जावं तसं." काळ्या लाव्ह्याच्या दगडाचे रस्ते, शहराच्या डोक्यावर धुमसणारा डोंगर, खाली समुद्रासारखं तळं. आणि तिथली ती लाकडी गाडी, चुकुडू. दोन लाकडी चाकं, मध्ये फळी, उतारावरून पोत्यांच्या राशी घेऊन माणसं त्यावर उभी राहून सुटतात. तुला ती इतकी आवडली होती, की निवृत्त झाल्यावर आटपाडीच्या सुताराकडून बाभळीची एक करून घेतलीस, डाळिंबाचे क्रेट वाहायला. सुतारानं विचारलं, याला म्हणायचं काय? तू म्हणालास, "काँगोची एसटी."

आणि पास्कल. तुमच्या तुकडीचा दुभाषी. तुमच्या लंगरात जेवून जेवून फौजी हिंदी शिकलेला, आणि तुझ्या संगतीनं मोडकी मराठी. त्याची आई फाटकातून टोमॅटो न्यायची. तू परत आल्यावरही दर रविवारी त्याचा फोन यायचा. त्याला दुसरी मुलगी झाली तेव्हा वहिनींनी इथं, आटपाडीत, शेजारणींना साखर वाटली.

काँगो पूर्व आफ्रिकेच्या संघात गेला, त्या दिवशी तू मला फोन करून आटपाडीला बोलावून घेतलंस. "ये आसाच, शाळा सुटली असंल तर." शाळा सुटून मला काही वर्षं झाली होती, पण तुला ते लक्षात राहायचं नाही. मी दुपारच्या एसटीनं आलो. अंगणात खाटेवर तू कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडून बसला होतास.

"घे," म्हणालास. "पास्कलच्या देशाला घरात घेतलं."

मी पेढा घेतला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी म्हणालो, "दिनकर, घाई केली रं त्यांनी."

तू खाटेवर सरळ झालास. एरवी तू मला 'यासीन' आणि 'रं' म्हणायचास, पण वाद तापला की 'सर' आणि 'तुमी' व्हायचास.

"कसली घाई, सर?"

"ज्या सरकारचा हुकूम स्वतःच्या पूर्वेकडच्या रस्त्यांवर चालत नाही, ते संघाचे नियम पाळणार कसे? संघात आधीच असलेल्या रवांडाशी त्यांचं उभं वैर. ते वैर तसंच पदरात घेऊन दोघं एका घरात राहणार?"

"मग काय करायचं? समदं सरळ हुईस्तोवर भाईर हुभं करायचं?"

"थोडा काळ, व्हय."

"थोडा म्हंजी किती, ते सांगा. तुमच्या युरोपाच्या दारात त्यो मॅसिडोनिया हाय. तुमीच सांगितलं हुतं मला. शेजाऱ्याच्या हट्टापायी देशाचं नाव बदललं त्यांनी. देशाचं नाव, सर. उद्या मला कुणी म्हनलं, दिनकर नाव टाक मग आत घेतो, आन् टाकल्यावर बी म्हनलं की थांब अजून. मी काय करावं?"

मी दुसरीकडून आलो. "आत घेतलेल्याला बाहेर काढता येत नाही, दिनकर. मोठे निर्णय सगळ्यांच्या होकारानं व्हायचे असतील तर एकानं मान हलवली नाही तरी सगळ्यांचं काम अडतं. कच्चा गडी आत घेतला की घर त्याच्या चालीनं चालायला लागतं."

"आन् भाईर ठिवलेला माणूस भाईरच ऱ्हातो व्हय? दुसरा कुणीतरी त्याला आपल्या घरात वढतो. मी बघितलंय. मोकळा माणूस फार दिस मोकळा ऱ्हात न्हाई." मग तू तुझं ते वाक्य टाकलंस, जे पुढं मला शंभरदा ऐकावं लागलं. "आधी घरात घ्या, मग शिकवा. सून घरात आल्यावरच शिकती. शिकवून मग लगीन लावत न्हाईत कुणी."

सुमन वहिनी तेव्हा ताटं घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी ताट माझ्यापुढं ठेवलं, तुझ्यापुढं ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आवं, सून शिकंस्तोवर तिला घरातल्यांनी काय काय करायला लावलं, ते बी कवातरी इचारा की. तुमी दोघं घरवाल्यांचंच बोलताय. दारात हुबी हाय तिचं कुणी इचारलं?"

तू भाकरी मोडलीस. मीही मोडली. मला वाटतं, आपल्या सगळ्या भांडणात तेवढंच एक वाक्य खरं शहाणपणाचं होतं, आणि आपण दोघांनी ते डाळीबरोबर गिळून टाकलं.

तू असा का होतास, ते मला ठाऊक होतं. भरतीला गेलास तेव्हा तुझी छाती अर्धा इंच कमी भरली होती. एकदा परत आलास, दुसऱ्यांदा परत आलास. अंगणातल्या झाडाच्या फांदीला लोंबकळायचास, रोज दूध प्यायचास, पण छाती काही भरेना. तिसऱ्या खेपेला एका साहेबानं टेप बघितली, तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दो महीने मेस का खाना खाएगा, हो जाएगी." आणि झाली. त्या अर्ध्या इंचावर तुझं सगळं आयुष्य उभं होतं. रान, घर, मुलांची शिक्षणं, काँगो, सगळं. मापात न बसणाऱ्याला आत घेणारा एक माणूस तुला भेटला होता. त्यामुळे दारात थांबवलेला कुणीही दिसला की तुला तिथं तू दिसायचास.

माझ्या बाजूचं कारण मात्र मी तुला कधीच सांगितलं नाही.

शमीम, माझी बहीण. तू तिच्या हातची भाकरी पन्नासदा खाल्लीस. दुकानाच्या मागच्या खोलीत ती उशांचे अभ्रे शिवते, तू आलास की आतूनच विचारते, "दिनकरभाई, चहा कसा?" तिचा निकाह झाला तेव्हा तू आसामात होतास. स्थळ साताऱ्याकडचं होतं, मुलगा आखाताला निघालेला. आठ दिवसांत काय ते करा, म्हणाले. अब्बांना त्यांच्या गावी जाऊन चार माणसांत चौकशी करायची होती. मी नवा नवा मास्तर, घरातला शिकलेला. मी म्हणालो, "अब्बा, एवढं चांगलं स्थळ हातचं जाईल. बाकीचं नंतर बघता येईल." अब्बांनी माझं ऐकलं. दुसऱ्या वर्षी ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. कशासाठी परत आली ते तिनं अब्बांना सांगितलं, मला नाही. तिनं मला आजवर एका शब्दानं दोष दिलेला नाही. दिला असता तर मी कदाचित मोकळा झालो असतो.

तू कधी विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. देशांच्या वादात बहिणीची गोष्ट आणणं मास्तराला शोभत नाही, असं मला वाटायचं. म्हणून मी तुला न्यायालयं, नियम, नकाराधिकार असले शब्द ऐकवत राहिलो. तू समोरून फाटक आणि टोमॅटो आणि अर्धा इंच मांडायचास, मी पुस्तक मांडायचो. तुझी बाजू तू उघडी ठेवून भांडलास आणि मी झाकून ठेवून. हे बरोबरीचं भांडण नव्हतंच, दिनकर. हे तुला सांगायचं राहिलं.

आता त्या दिवसावर येतो. टाळत होतो.

जानेवारीचा शेवट. गोमा बंडखोरांच्या हातात गेल्याची बातमी सकाळपासून टीव्हीवर येत होती. या बंडखोरांच्या पाठीशी पलीकडचा देश आहे, असं काँगो म्हणत होता, पलीकडचा देश नाकारत होता. दोघंही एकाच संघाचे सभासद. मी दुकानात टीव्हीसमोर बसून होतो आणि खरं सांगतो, मनात एक किडकं समाधान होतं. भूगोलाचा मास्तर बरोबर ठरला होता.

अकराच्या सुमाराला तू आलास. पहिली गाडी धरून आला असशील. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात फोन. बसला नाहीस. उभ्यानंच म्हणालास, "यासीन, पास्कल फोन उचलत न्हाई."

आणि मी काय म्हणालो ते मी इथं लिहितो, कारण ते कुठंतरी लिहिलेलं असायला हवं. मी म्हणालो, "सांगत होतो ना तुला. घाईनं आत घेतलं की असंच होतं. आता बघ, एका घरातले दोघं एकमेकांच्या जिवावर उठले. संघानं मध्यंतरी फौज पाठवली ती पण वर्षभरात माघारी आली. कागदावर सही करून कुणी घरचं होतं का?"

इरफाननं आतून चहा आणून गल्ल्यावर ठेवला होता. तू माझ्याकडं बघत होतास. रागानं नाही. भरतीत टेप बघणाऱ्या माणसाकडं बघत असशील, तसा.

"त्यो दोन पोरींचा बाप हाय, यासीन," म्हणालास. आणि फोन खिशात घालून गेलास. 'सर' म्हणाला नाहीस, 'तुमी' म्हणाला नाहीस. म्हणजे तू वाद घालत नव्हतास. तू मदतीला आला होतास. कुणाचा तरी नंबर मिळतोय का, कुणाला इंग्रजीत पत्र लिहायचं का, संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्या कचेरीत विचारायचं, हे मास्तराला विचारायला शंभर किलोमीटर आला होतास. हे मला तू रस्ता ओलांडून गेल्यावर कळलं.

इरफान म्हणाला, "अब्बा, काका चहा न घेता गेले."

मी म्हणालो, "येईल परत."

तू आला नाहीस. मीही गेलो नाही. फेब्रुवारीत म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ. उन्हाळ्यात म्हटलं, डाळिंबाच्या गडबडीत असेल. पास्कल जिवंत आहे की नाही हेसुद्धा मी तुला विचारलं नाही, कारण तो नसला तर माझं ते बोलणं कुठल्या तोंडानं परत घेणार होतो? रात्रंदिवस मनात तुझ्याशी वाद चालूच होता. नवे मुद्दे सुचायचे.

एकदा तर तुला बघितलंसुद्धा. सांगलीच्या स्टँडवर. मिलिटरी कॅन्टीनची पिशवी घेऊन आटपाडीच्या गाडीची वाट बघत होतास. वाळला होतास. मी पेपरच्या स्टॉलआड उभा राहिलो. गाडी लागली, तू चढलास, खिडकीशी बसलास, गाडी हलली. तेवढा वेळ मी हातात घेतलेल्या मासिकाचं मुखपृष्ठ वाचत होतो. दहा पावलं, दिनकर. माझ्या आयुष्यातली सगळ्यात संथ, सगळ्यात सावध दहा पावलं, जी मी टाकलीच नाहीत.

मग वहिनींच्या भावाचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी सावडायला आलो. माणसं पांगल्यावर मी तुझ्या अंगणात त्याच खाटेवर बसलो. वहिनी दारात बसल्या होत्या. आतून फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला. वहिनी उठून आत गेल्या आणि तुझा फोन घेऊन आल्या.

"कालपासनं वाजतोय, भावजी. त्यो हाय, काँगोचा. रविवारी ह्येंनी उचलला न्हाई म्हणून घोर लागला असंल त्याला. मला त्याचं बोलणं समजत न्हाई. तुमी सांगा."

फोनवर पास्कलचं नाव होतं. म्हणजे तो जिवंत होता. ही गोष्ट मला तुझ्या मरणानंतर तिसऱ्या दिवशी कळली.

मी फोन उचलला. "साब?" आवाज आला. मी सांगितलं, मी साब नाही, साबचा मित्र, यासीन. तो आनंदला. "सर? सांगलीवाले सर?" आणि मग माझ्या आवाजावरून त्याला कळलं असावं, कारण त्यानं पुढचं हळू विचारलं. मी सांगितलं. हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं, कारण मला वाटलं एका भाषेत ते खरं वाटत नाही. पलीकडे तो कुणाशी तरी त्याच्या भाषेत बोलला आणि एका म्हाताऱ्या बाईचं रडणं ऐकू आलं. त्याची आई. तिनं तुला कधी बघितलं होतं का रे? तुकडीच्या लंगरात टोमॅटो द्यायला यायची म्हणत होतास, तीच ना?

आपल्याकडं दुपार होती, तिकडं सकाळ. तो बोलत राहिला. जानेवारीत त्यानं सिमकार्ड मोडून टाकलं होतं. परदेशी फौजेबरोबर काम केलेला माणूस, सापडला तर काय होईल सांगता येत नव्हतं. तो शहरातच लपून राहिला. आई दोन्ही नातींना घेऊन त्या फाटकातून पलीकडं गेली. गोळीबार थांबेपर्यंत पलीकडच्या एका बाईनं त्या तिघींना घरात ठेवून घेतलं. ती बाई वीस वर्षं तिच्याकडून टोमॅटो घेत होती. अकराव्या दिवशी पास्कलनं नवं कार्ड घेऊन पहिला फोन तुला लावला.

मला राहवलं नाही. तुझी राख सावडून आलो होतो आणि तरी मी विचारलं. मास्तर तो मास्तरच. मी म्हणालो, "पास्कल, एक सांग. तुमच्या देशाला संघात लवकर घेतलं, ते बरोबर झालं की चूक?"

तो म्हणाला, "आईला विचारतो."

त्यांचं बरंच बोलणं झालं. मग त्यानं मला सावकाश सांगितलं. आई म्हणते, कागदावर दार उघडलं तेव्हा आम्ही नाचलो, पण फाटकावरची रांग होती तेवढीच राहिली. आई म्हणते, लढाई आली तेव्हा संघ आला नाही, माझी गिऱ्हाईक आली. पण आई हे पण म्हणते, की दार उघडलं नाही म्हणून कुणी सांगितलं असतं, तर मला जास्त वाईट वाटलं असतं. आणि आई विचारते, आम्ही बाहेर उभे आहोत, हे सरांना कुणी सांगितलं? आम्ही तर रोज जात-येत होतो.

मी हे वहिनींना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्या म्हातारीला त्या ओळखत होत्या.

यातून तू जिंकलास की मी, ते मला ठरवता येत नाही, आणि तेच मला बसू देत नाही. मी अजूनही म्हणतो, की वैर मिटवल्याशिवाय दोन घरं एक केली तर भिंत पाडताना माणसं मरतात. पण 'थांबा' म्हणणं मला सोपं जातं, कारण थांबायचं मला नसतं. ते त्या फाटकातल्या बाईला असतं. आणि तुझंही सगळं बरोबर नव्हतं, दिनकर. तुला आत घेणारा साहेब मेसचं जेवणही देणार होता. नुसतं आत घेऊन वाऱ्यावर सोडणार नव्हता. 'आधी घरात घ्या' हे तू ठणकावून सांगायचास, 'मग शिकवा' म्हणताना तुझा आवाज खाली यायचा. यावर तू काय म्हणाला असतास? कधी नव्हे ते मला तुझं उत्तर ऐकायचंय. नुसतं तुझं बोलणं संपायची वाट बघत बसणार नाही.

फोन ठेवण्याआधी मी पास्कलला त्या दिवशीचं सांगितलं. तुला सांगता आलं नाही म्हणून त्याला. म्हटलं, तू सापडत नव्हतास, साब माझ्याकडं मदत मागायला आले होते आणि मी त्यांना माझंच म्हणणं कसं बरोबर निघालं ते ऐकवलं. त्यानंतर ते माझ्याकडं आले नाहीत. मला माफ कर.

तो गोंधळला. म्हणाला, "नाही नाही, सर. मी साबला विचारलं होतं, सर कसे आहेत, भांडण काय म्हणतं. साब बोलले, सरचा मुलगा नवीन दुकान टाकतोय. सर फार कामात आहेत. म्हणून भेट नाही."

इरफाननं कुठलंच नवं दुकान टाकलेलं नव्हतं, दिनकर. तो म्हणाला, "सर? आता रविवारी मी कुणाला फोन करू?"

मी माझा नंबर दिला. एक एक आकडा दोनदा सांगितला.

फोन ठेवल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हनला?" मी सगळं सांगितलं. जानेवारीचं, माझ्या बोलण्याचं, नव्या दुकानाचं, काही न गाळता. ऐकून त्या उठल्या, आत गेल्या आणि देवळीतून एक नारळ घेऊन आल्या.

"मला बी ह्येंनी त्येच सांगितलं हुतं, भावजी. इरफानचं नवं दुकान हाय, यासीनला उसंत न्हाई. कवा उद्घाटन हाय म्हनलं तर ह्ये म्हनले, सांगंल की त्यो. म्हणून म्या नारळ आणून ठिवला हुता. लय दिस झालं."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. एसटीत मांडीवर धरून सांगलीला आणला. तो आता माझ्या टेबलावर आहे. इतके महिने देवळीत राहून त्यातलं पाणी आटलंय, खोबरं सुटलंय. हलवला की आत खुळखुळतं.